सगळे दिवे लुकलुकणारा डबा

परभणीच्या बाजारातून मी एक डबा आणला, तो त्याच्यावरचे सगळे दिवे एकदम लुकलुकत होते म्हणून. शेजारच्या डब्याचे दोनच लुकलुकत होते. एवढ्या कारणावरून शहाणी बाई दिवाळीची माळसुद्धा घेत नाही. मी तर सेलूत टायपिंगचा क्लास चालवणारी, नाकावर चष्मा आणि चष्म्याच्याही वर नाक असलेली बाई होते.

टाईपरायटरचे दिवस सरले तेव्हा मी ते भंगारात घातले आणि दहा कॉम्प्युटर मांडले. शिकवायचं काम सुनेकडे. ती ते शिकून आली होती; मी न शिकता मालकीण होते. नोकरीला लागणाऱ्या कॉम्प्युटर परीक्षेचं केंद्र आपल्याकडे यावं असं मनात होतं. त्यासाठी दहाही मशीन एकमेकांना आणि पेपर ठेवायच्या अकराव्या, मुख्य मशीनला जोडलेली हवी होती. सगळ्या वायरी जिथं येऊन मिळतात तो डबा तेवढा आणायचा राहिला होता.

सून म्हणाली, "आत्या, मी जाऊन आणते."

"का? माझ्या पायाला मेंदी लागलीय का?"

"तसं न्हाई. दुकानदार दोन्हीला हबच म्हणतेत. त्यातला एक खरा हब असतो, दुसरा स्विच. आपल्याला स्विच पाहिजे. त्याच्या बोलण्यावर जाऊ नका, डब्यावर काय छापलंय ते वाचा. वेगाच्या जागी निस्तं दहा लिहिलं असंल तर तिथंच ठेवा, शंभर पाहिजे. अन् कोलिजन लिहिलेला दिवा दिसला तर त्या डब्याला हातच लावू नका."

एवढं सांगून थांबली नाही, चिठ्ठीवर लिहूनही दिलं. मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन ओढली. सुनेच्या चिठ्ठीवर बाजार करणारी सासू कुणी बघितलीय?

दुकानदारानं दोन डबे काढले. एक लोखंडी, जड; एक प्लॅस्टिकचा, हलका.

"दोन्ही हबच हायत, काकू. कोणता बी न्या."

"लावून दाखवा."

त्यानं दुकानातली चार मशीन जोडली आणि एकावरून दुसऱ्यावर काहीतरी पाठवलं. लोखंडी डब्याचे चारही दिवे धडधडायला लागले, मधूनच कोपऱ्यातला एक लाल दिवा. मग प्लॅस्टिकचा लावला. दोन दिवे हलले, दोन निवांत.

"याचे बाकीचे दिवे गेलेत का?"

"न्हाई, काकू. ज्याचं काम चालू हाय त्याचेच लुकलुकतेत."

"म्हणजे बाकीचे बसून खातात."

त्यानं माझ्याकडे जरा निरखून बघितलं. लोखंडी डब्यावर किती वर्षांची धूळ होती कुणास ठाऊक. ती त्यानं बाहीनं पुसली आणि म्हणाला, "काकू, तुमच्यासारखं गिऱ्हाईक रोज येत न्हाई." मी ते कौतुक समजले.

"आणि हा लाल दिवा?"

"तो जास्तीचा हाय."

जास्तीचा! पॅसेंजरमध्ये मी तो डबा तान्ह्या लेकरासारखा मांडीवर घेऊन सेलूपर्यंत आले.

खरा हब म्हणजे पत्ता वाचता न येणारा पोस्टमन. एक पत्र आलं की त्याच्या नकला काढून गल्लीतल्या प्रत्येक दारात टाकतो; ज्याचं नाही त्यानं फेकून द्यायचं. दोघांनी एकाच वेळी पत्र दिलं की दोन्ही फाटतात, पुन्हा लिहायची. लाल दिवा त्या फाटण्याचा; सुनेनं सांगितलेलं कोलिजन ते हेच. स्विचला पत्ता वाचता येतो, तो त्याच दारात पत्र टाकतो आणि बाकीच्या गल्लीला झोपू देतो. म्हणजे मला कामसू वाटला तो अडाणी होता. आणि छापलेलं न वाचता घरी आलेली मी त्याच्याच शाळेतली.

सुनेनं डब्यावर छापलेलं वाचलं आणि वायरी जोडायला घेतल्या. त्यात मी माझा विजय मानला. रोजच्या तासाला काही बिघडलंही नाही, कारण जो तो आपापल्या मशीनवर शिकायचा. वायरीतून फारसं काही जायचंच नाही. डबा आपला लुकलुकायचा आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. केंद्रही मिळालं.

पहिल्याच परीक्षेला दहाजण बसले. त्यात जवळच्या एका वस्तीवरची मुलगी होती. घरी शेळ्यामेंढ्या, आईबाप मजुरीला. सून म्हणायची, क्लासात हिच्याइतका चपळ हात कुणाचा नाही. तिची कारकुनाच्या जागेवर निवड झाली होती. महिनाअखेरपर्यंत परीक्षेचं प्रमाणपत्र दाखवायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या नावाला. बाकीच्या नऊजणांना परीक्षा हुकली तरी पुढचा महिना होता. तिला नव्हता.

दहाजणांनी एकदम पेपर उघडला आणि पानंच येईनात. आलेलं पान पुढं सरकेना. लाल दिवा लागला तो विझायचं नाव घेईना. परीक्षेचं घड्याळ मात्र चालूच. सून वायरी काढतेय, लावतेय. परभणीहून आलेले पर्यवेक्षक खुर्चीत बसून माझ्याकडे बघायलेत.

त्या मुलीनं हात वर केला. "बाई, मी टाईप करायले, पण तिकडं जायनाच काही."

पर्यवेक्षकांसमोर माझं केंद्र उघडं पडत होतं. मी म्हणाले, "मशीनला नाव ठेवू नको, हात चालव. शेळ्या राखणारा हात तुझा, टायपिंगला कसा वळंल?"

दोनतीन पोरं हसली. पर्यवेक्षकही हसले. तिनं हात खाली घेतला, पुन्हा वर केला नाही. वेळ संपली तेव्हा तिचा अख्खा उतारा तिच्या पडद्यावर होता आणि मुख्य मशीनपर्यंत चार ओळी पोचल्या होत्या. चार ओळींवर ती नापास झाली.

दुसऱ्या दिवशी सूनच परभणीला जाऊन स्विच घेऊन आली. मशीन तीच, वायरी त्याच. दहा पानं एका दमात उघडली.

"बघितलं, आत्या?"

बघितलं.

"आपण वर लिहून देऊ. आपल्या डब्यानं घोळ झाला, पोरीची चूक न्हाई म्हणून. तिला परत बसवतेल. अजून दहा दिवस हायत महिना संपायला."

"आणि केंद्र काढून घेतलं म्हणजे?" मी म्हणाले. "काही लिहायचं नाही. बसंल ती पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्याचा तिला काही उपयोग नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तेव्हाच्या माझ्या अडाणीपणाला मी पोटभर हसते. पण 'बसंल ती पुढच्या महिन्यात' हे वाक्य आठवलं की हसू येत नाही, कारण त्यात अडाणीपणा नव्हता.

मुलगी पुन्हा आली नाही. तिची जागा पुढच्या नावाला गेली, असं ऐकलं. माझं केंद्र छान चाललं.

त्याला वीसेक वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात मी हयातीच्या दाखल्यासाठी सेवा केंद्रात गेले होते. ह्यांच्या माघारी पेन्शन मला मिळते, तेव्हा वर्षातून एकदा आपण मेलो नाही हे सांगायला जावं लागतं. बाकावर शेजारी एक बाई कागद धरून बसली होती.

"बाई, वळखलं का?"

ओळखलं. तीच. मशीनवर फॉर्म भरून घ्यायला रांगेत बसली होती.

"अगं, तू कशाला दुसऱ्याची वाट बघतीस? ह्या केंद्रातल्या पोरांच्या आधी भरशील."

"न्हाई बाई. त्या दिवसापासून मशीनला हात लावला न्हाई. माझा हातच तसला हाय."

मग मी तिला सगळं सांगितलं. डबा, दिवे, 'बसून खातात', आणि वर लिहून द्यायला मी सुनेला केलेली मनाईसुद्धा. नातवंडांना सांगते तसंच सांगितलं, बोटं उघडझाप करून लुकलुक दाखवत. नातवंडं कशी पोट धरून हसतात, तेही सांगून बसले. सवयच ती. ती हसली नाही. कागदांची घडी घातली आणि शांतपणे म्हणाली,

"नोकरीचं जाऊ द्या, बाई. वीस वर्षं मी माझ्या हाताला शिव्या द्यायले, अन् तुमी लेकरांना हसवायलाव."