कॅसिमिरची पांढरी रेघ

बे सिटीतल्या कॅसिमिर व्रोबेलचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दुकानदाराने बंद खोका दिला की हा तिथेच काउंटरवर फोडणार, आतली वस्तू उजेडात धरणार आणि "नवीनच आहे ना?" असं तीनदा विचारणार. डॉक्टरवर विश्वास नाही, हवामानखात्यावर नाही, फादरवर होता तो रविवारपुरता. पण एकतीस वर्षं त्याने लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या आणि त्याच्या हातची एकही गाडी तक्रार घेऊन परत आली नाही. हे तो स्वतःच सांगत फिरायचा, तरी खरं होतं.

त्याची एक पद्धत होती. बोल्ट ठरल्या जोराने आवळला, पान्याने टक् केलं, की खिशातलं रंगाचं पेन काढून बोल्टच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत पांढरी रेघ ओढायची. बोल्ट केसभर हलला तरी रेघ तुटते. जग लबाड असेल, रेघ खोटं बोलत नाही, असं तो म्हणायचा.

आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी घरच्या गॅरेजात त्याने १९६४ची पाँटिअक गाडी उघडून ठेवली होती. इंजिन झालं, रंग झाला. जुन्या ड्रमच्या जागी पुढच्या दोन्ही चाकांना डिस्कचे ब्रेक बसवणं तेवढं उरलं होतं. नात बर्नाडेटचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं, आणि चर्चला जाईन तर आजोबांच्याच गाडीतून, असं ती सगळ्या घरासमोर बोलून बसलेली. पोरगी आत बसणार म्हटल्यावर ब्रेकशी खेळ नाही.

मंगळवारी सकाळी त्याने आदल्या दिवशी बसवलेल्या डाव्या चाकाशी टॉर्च धरला आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. दोन बोल्टांवरच्या रेघा तुटलेल्या होत्या. पाना लावून पाहिला तर बोल्ट घट्ट. म्हणजे कुणीतरी उघडून पुन्हा बसवलं! आतला नवा माल काढून स्वस्तातला घातला असणार. खरं तर रेघ उजवीकडे सरकली होती, आणि उजवीकडे म्हणजे आवळलेलं, हे शिकाऊ पोरानेही सांगितलं असतं. पण संशय एकदा डोक्यात शिरला की माणूस आंधळा होतो.

गॅरेजचं दार आकडे दाबून उघडायचं, आणि तो आकडा बाहेरच्या एकालाच ठाऊक होता, शेजारच्या डॅरिल हॉकिन्सला. त्याच्याकडेही तसलीच गाडी, आणि "विकणार असलास तर आधी मला सांग" हे तुणतुणं तो चार वर्षं वाजवत होता.

कॅसिमिर तडक त्याच्या अंगणात गेला. "माझ्या ब्रेकला हात लावलास?"

"मी? सकाळी सकाळी पिऊन आलायस का लेका?"

"आकडा तुझ्याकडे आहे, गाडीवर डोळा तुझा आहे. आणखी काय पुरावा पाहिजे?"

डॅरिलचं हसू गेलं. "चाळीस वर्षं शेजारी राहतोय मी, कॅझ. तुझ्या आईच्या शवपेटीला खांदा दिलाय." एवढं बोलून तो घरात गेला आणि जाळीचं दार आपटलं.

"चोराच्या उलट्या बोंबा!" कॅसिमिर घरी येऊन बायकोला, लोरेटाला, म्हणाला. ती कांदा परतत होती. "डॅरिलला कशाला बोललास?" एवढंच म्हणाली, आणि कांदा करपला.

त्याने दाराचा आकडा बदलला. नवा आकडा घरातल्या दोघांनाच माहीत. गुरुवारी पाहतो तर डावीकडची आणखी एक रेघ तुटलेली.

शुक्रवारी सकाळी त्याने उजवं चाक पूर्ण केलं, रेघा ओढल्या, न्हाव्याकडे जातो म्हणून निघाला आणि कोपऱ्यावरूनच परत फिरला. गॅरेजचं घरातून उघडणारं दार हळूच ढकललं. लोरेटा उजव्या चाकाशी गुडघे टेकून नुकतीच बसत होती. हातात त्याचा पाना. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"तू?" तो दारातूनच ओरडला. "तू माझी गाडी बिघडवतेस?"

"आवळतेय." ती उठली नाही. सत्तावीस वर्षं तिने गाड्यांच्या ॲक्सलच्या कारखान्यात बोल्ट आवळले होते. "डावीकडचे तीन बोल्ट हाताने फिरत होते, कॅझ. वर तुझी रेघ. हल्ली तू आधी रेघ मारतोस आणि आवळायचं विसरतोस."

"खोटं. साफ खोटं! सांगितलं का नाहीस मग?"

"सांगून तू ऐकणार होतास? नाकाने कांदे सोलणारा माणूस तू." तिचे डोळे भरले. "आणि मला सांगवेना रे. या चाकाला अजून मी हात लावलेला नाही. तूच बघ."

तो रागारागाने खाली बसला. पहिला बोल्ट, टक्. दुसरा, टक्. त्याने तिच्याकडे जिंकल्यासारखं पाहिलं. तिसऱ्याला पाना लावला आणि बोल्ट फिरला. एक वेढा, दोन वेढे, कसला जोर नाही. त्याची सकाळची रेघ मधोमध तुटली.

त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. बर्नाडेट या चाकांच्या भरवशावर गाडीत बसणार होती.

मग तो डॅरिलच्या दारात गेला. डॅरिल जाळीच्या आड उभा राहिला. "आता काय चोरलं मी?"

"काही नाही. मी चुकलो, लेका." कॅसिमिरने पाना पुढे केला. "लग्नाआधी माझे ब्रेक उघडून बघ. एकूण एक बोल्ट. आणि हे बघ डॅरिल, माझी रेघ दिसली म्हणून सोडू नकोस."

डॅरिलने जाळीचं दार उघडलं.