वरच्या मजल्यावरची मावशी

कलकत्त्यात भवानीपूरला आम्ही तळमजल्यावर राहत होतो. बाबा बँकेत अधिकारी. त्यांची बदली झाली तेव्हा मी पाच वर्षांची होते, त्यामुळे बंगाली मला गल्लीत खेळताखेळता आली आणि बाबांना शेवटपर्यंत धड आली नाही. मी बारा वर्षांची असताना वरच्या मजल्यावर एक जोडपं राहायला आलं. तो बंगाली, बजबज गावच्या एका शाळेत शिक्षक. ती मात्र इंदूरची मराठी, एस्प्लनेडला एका कचेरीत टायपिस्ट. मराठी बोलणारी शेजारीण मिळाल्याचा आईला इतका आनंद झाला, की पहिल्याच आठवड्यात थालीपिठं वर गेली.

"काकू म्हण त्यांना," आईने मला सांगितलं.

संक्रांतीला आईने तिला हळदीकुंकवाला बोलावलं. ती आली, पण दारातच थांबली.

"वहिनी, आधीच सांगायला हवं होतं. आमचं लग्न झालेलं नाही."

आईचं बोट कुंकवातच राहिलं. मग ती म्हणाली, "कुमारिकांनाही लावतातच की," आणि तिने कुंकू लावलं. वाण मात्र दिलं नाही. रात्री जेवताना मला म्हणाली, "काकू नको म्हणूस. मावशी म्हण."

काकू व्हायला लग्न लागतं आणि मावशी व्हायला लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. बाबांनी वर जाणं कमी करायला सांगितलं, पण माझं जाणं उलट वाढलं. लग्न न झालेली माणसं घरात करतात तरी काय, हे मला बघायचं होतं. तो मासे साफ करायचा, ती त्याला पेपर वाचून दाखवायची. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावर रोज वाद. आमच्या घरापेक्षा वेगळं म्हणजे चहा तो करायचा आणि ती त्याला नावाने हाक मारायची. बाकी निराळं काहीच सापडेना, तेव्हा माझी थोडी निराशाच झाली.

दुर्गापूजेची सुट्टी संपली आणि त्याला कावीळ झाली. एका सकाळी मावशी धावतच खाली आली. "भाऊजी, तो काहीतरी असंबद्ध बोलतोय. टॅक्सी मिळेल का?"

बाबा ऑफिसला निघाले होते. त्यांनी टॅक्सी आणली, त्याला धरून आत बसवलं आणि मलाही घेतलं. इस्पितळात बंगाली बोलायला कुणीतरी हवं होतं. तिथे मावशी स्ट्रेचरपाशी थांबली, त्याचा हात सोडायला तयार नव्हती. नावनोंदणीच्या खिडकीशी बाबा आणि मी. कागदावर नातेवाइकाची सही लागणार होती. कारकुनाने मावशीकडे बोट करून विचारलं, त्या बाई पेशंटच्या कोण?

मी बाबांना मराठीत सांगितलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. शाळा बुडाली तर पोट दुखल्याची खोटी चिठ्ठीसुद्धा ते कधी देत नसत.

"सांग, बायको," बाबा म्हणाले.

"पण बाबा..."

"सांग म्हणतो ना."

बंगालीत बायकोला स्त्री म्हणतात. "स्त्री," मी म्हटलं. मराठीत तरी ते खोटं नव्हतं. मावशीने सही केली.

तीन आठवड्यांनी तो घरी आला. तेव्हा आई स्वतःच मुगाच्या खिचडीचं पातेलं घेऊन वर गेली, मागोमाग मी. आई स्वयंपाकघरात गेल्यावर मी मावशीला विचारून टाकलं, "तुम्ही लग्न का नाही करत?"

"दोन्ही घरी नको आहे. मग आम्ही म्हटलं, आधी एकत्र राहून तर बघू."

"मग बघितलंत?"

"अजून बघतोय," ती म्हणाली, आणि पलंगावरून तो हसला. माझा प्रश्न त्याला कळला होता.

पुढच्या वर्षी बाबांची नागपूरला बदली झाली. दोनेक वर्षांनी मावशीचं पत्र आलं. सॉल्ट लेकमध्ये घर मिळत होतं, पण अर्जाला लग्नाचा दाखला हवा होता, म्हणून एका दुपारी रजिस्ट्रारकडे जाऊन आलो, असं तिने लिहिलं होतं. तिथून ती कचेरीत गेली आणि तो शिकवणीला.

आईने पत्र दोनदा वाचलं. "तिला काही वेगळं वाटलं का, ते लिहिलंच नाहीये," ती म्हणाली, आणि उत्तर लिहायला कागद शोधू लागली.