आबा, आज तरी घरी बसा

आमच्या आबांची तिरडी बांधायला सगळ्या मावला गावात एक माणूस मिळाला नाही.

आज वर्ष झालं, तरी या गोष्टीचा राग गेलेला नाही. आणि राग आबांवरच आहे.

कारण गावात कोणीही गेलं की तिरडी आबांनीच बांधायची. मराठी असो, तेलुगू असो, ओळखीचा असो नाहीतर नसो. निरोप आला की हातातली मेथीची जुडी तिथंच टाकून, सुतळीचा गुंडा काखेत मारून निघाले. जाता जाता मारुतीला हात जोडायचे, एवढाच काय तो उशीर.

घरी आजी पाणी तापवायला चूल पेटवायची. मसणवटीतून आले की मागच्या दारी आंघोळ, मग घरात पाय. आमच्या मागच्या दाराशी कायम एक बादली पालथी घातलेली असायची. दुसऱ्यांच्या घरी छत्री असते, तशी.

दिवाळीत गेले. काकूच्या डोहाळजेवणात गेले. एकादशीला उपाशीपोटी गेले आणि संध्याकाळी हरिपाठाला सगळ्यात आधी हजर.

आमचं एकच पालुपद. आबा, आज तरी घरी बसा.

माझ्या साखरपुड्यातही हेच झालं. फंक्शन हॉल भरलेला, भैंसा गावचे सासरकडचे पाहुणे रुसायला टपलेले, आणि नारळ हातात घेऊन पहिला आशीर्वाद द्यायचा तो आबांनी. तेवढ्यात त्यांना फोन आला. बस स्टँडमागच्या राजन्नाचे वडील गेले होते.

आबांनी नारळ माझ्या मांडीवर ठेवला.

मी दात-ओठ खात म्हटलं, आबा, पाहुणे काय म्हणतील?

"माणूस मेला लेका. तुहा साखरपुडा का पळून जाते?"

आणि गेले!

सासरेबुवांनी विचारलं, आजोबा कुठं दिसत नाहीत? बाबा म्हणाले, बाथरूमला गेलेत. दोन तास कोण बाथरूमला जातं? शेवटी ओल्या केसांनी आले आणि हॉलच्या बाहेरच उभे राहिले. सुतकी हात म्हणून नारळाला शिवेनात. सासरकडच्या मामांनी शकुन-अपशकुन काढला, लग्न मोडता मोडता राहिलं. माझी बायको सारिका अजून ऐकवते.

बरं, एवढं करता तर दुसऱ्याला शिकवा ना. ते नाही. कोणी मदतीला हात घातला की झटकायचे. "ढिली होते तुमच्यानं." झालं शिक्षण.

त्यांची गाठही वेगळीच. खांद्यावर कितीही हिसके बसू दे, हलायची नाही. पण सरणापाशी एक टोक ओढलं की सगळी सुतळी मोकळी. कोयता लावलेला त्यांना खपायचा नाही. म्हणायचे, जाणाऱ्याची ओढाताण काऊन कराची?

मग एके सकाळी मारुतीची आरती करून आले, ओसरीत टेकले, आणि गेले.

अंगणात माणूस मावेना. ज्यांच्या ज्यांच्या घरी आबा धावले ते सगळे आले. राजन्ना रडत आला. हिरवे बांबू आले, कडबा आला, सुतळी आली.

आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे.

जन्मभर सगळ्यांनी पाहिलं होतं, येत कोणालाच नव्हतं. चुलतभावाने यूट्यूब उघडलं. राजन्नाने नायलॉनची दोरी आवळून पाहिली, उचलल्याबरोबर बांबू सरकला. काका म्हणाले, नगरपालिकेची गाडी बोलवू, तिच्यात स्टीलचं स्ट्रेचर असतं.

मला रडू यायच्या ऐवजी संताप आला. ज्या माणसाने सगळ्या गावाला नीट पोचवलं, तो स्वतः स्टीलच्या स्ट्रेचरवर जाणार होता. आणि तेही स्वतःच्याच हट्टापायी.

आजी आबांच्या उशाशी बसली होती. उठली. पदर खोचला.

"सरका."

नात्यातले एक म्हातारे म्हणाले की बाईमाणसाने तिरडीला हात लावू नये.

"तुमाले येते?" आजीने विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "मंग सरका."

दर उन्हाळ्यात आबा आणि आजी अंगणात बाज विणायचे. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला ती. गाठ तीच. आबांनी तिला कधी शिकवलं नव्हतं, फक्त तिचा हात झटकला नव्हता. हे आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नाही.

ती बांधत होती आणि बोलत होती. "जल्मभर मले पाणी तापवाले लावलं बुढ्यानं. आता हेबी मलेच." डोळ्यांतून पाणी, तोंडाने शिव्या, आणि हात एकदाही चुकला नाही.

सरणापाशी बाबांनी मला खूण केली. मी टोक ओढलं.

सगळी सुतळी एका ओढीत मोकळी झाली.

तेव्हा मात्र मी रडलो. लहान पोरासारखा, सगळ्यांदेखत.

चौदावा दिवस झाल्यावर आजीने मला अंगणात बोलावलं. बाज आडवी केली, सुतळी हातात दिली. "बस इथं. बुढ्यासारखी मी काई संगं नेत नाई."

परवा लग्नाचा वाढदिवस होता. सारिकाने पुरणपोळी केली होती, सासरेबुवा भैंशाहून मुद्दाम आले होते. पहिला घास घेतला आणि दारात शेजारच्या गल्लीतला एक जण. त्याची आई गेली होती.

आजीने माझ्याकडे पाहिलं. मी सारिकाकडे पाहिलं. सारिकाने ताटाकडे पाहिलं.

मग ती म्हणाली, "जा. पाणी तापवून ठेवते."

आबा, तुमच्यामुळे माझी पुरणपोळी गार झाली. मागच्या दाराची बादली पुन्हा उलटसुलट व्हायला लागलीय.

श्रद्धांजली वगैरे नंतर बघू.

तुम्ही आता घरी बसा. मी जातो.