भोसलेकाकांची रॅम आणि पितृपक्ष

"आत्ता नको. दसऱ्याला घेऊ," असं म्हणून भोसलेकाका पिशवी उचलून निघाले. मी त्यांना परत बसवलं.

कसब्यातल्या एका दुकानात मी कॉम्प्युटर जोडते. भोसलेकाका खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. चष्म्यामुळे पायलट व्हायचं राहिलं, म्हणून घरी फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवर विमान उडवायचा गेम. जुना कॉम्प्युटर नेमका धावपट्टी दिसली की अडकायचा. आजवर त्यांचं एकही विमान धड उतरलं नव्हतं. नवा घ्यायचा तर दहा वर्षं टिकणारा हवा, कारण काकूंनी बजावलं होतं, हा शेवटचा.

दोन वर्षं ते दुकानात येत होते. दर वेळी कुठलं तरी नवं मॉडेल 'येतंय' असायचं. आमच्या धंद्यात अशा गिऱ्हाइकाला चहा पाजून विसरायचं असतं. मला ते जमलं नाही. शेवटी एकदाचे तयार झाले, तर पितृपक्ष लागला. त्यात त्यांच्या आईचं नुकतंच वर्षश्राद्ध झालेलं.

इकडे माझा जीव टांगणीला. रॅम म्हणजे कॉम्प्युटरचा ओटा. चालू कामाचं सगळं सामान त्यावर मांडलेलं असतं. त्या आठवड्यात होलसेलवाला उद्याचा रेट सांगेनासा झाला. एआयवाल्या मोठ्या कंपन्या मेमरी, म्हणजे हीच रॅम, घाऊक उचलत होत्या. होलसेलवाला गप्प बसला की समजायचं, भाव चढणार.

मी काकांना सांगितलं, ग्राफिक्स कार्ड पुढे बदलता येतं, त्याची घाई नको. मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय रोज बदलत नाहीत, ते दणकट घ्या. आणि रॅम आजच घ्या.

"मग बिल कर. डबे दसऱ्याला फोडू."

ही खास आपली चूक. पार्ट खराब निघाला तर होलसेलवाला थोडेच दिवस हातोहात बदलून देतो. मुहूर्त येईपर्यंत ती मुदत गेलेली असते. हार घातलेले, हळदकुंकू वाहिलेले आणि सुरूच न होणारे कॉम्प्युटर मी पुष्कळ पाहिलेत.

काका ऐकेनात, तेव्हा मी काकूंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"अहो, लग्नालाही तुम्ही दोन वर्षं लावलीत. आई तेव्हाच वैतागल्या होत्या. आता घेतलंत तर रागावणार नाहीत, सुटले एकदाची म्हणतील."

काकांनी पिशवी खाली ठेवली. ठरलं असं, की बिल आज, जोडणी आणि टेस्टिंग दुकानात, कॉम्प्युटर घरी जाणार दसऱ्याला. पितृपक्षात इतकं मोठं बिल फाटलेलं पाहून मालकांनी मला स्वतःहून चहा सांगितला. असं ते सहसा करत नाहीत.

टेस्ट लावली आणि दोनपैकी एक रॅम खराब निघाली. मी तशीच होलसेलवाल्याकडे गेले आणि बदलून आणली. त्याच्याकडचा तो शेवटचा जोड होता.

दसऱ्याला आमचं रॅमचं कपाट रिकामं. मुहूर्ताला आलेल्यांना मालक दिवाळीनंतर या म्हणत होते, आणि दिवाळीनंतरचे भाव ऐकून लोक नुसतेच परत गेले. काका मात्र आपल्या कॉम्प्युटरला झेंडूचा हार घालून तो रिक्षातून घेऊन गेले. मीही मागोमाग गेले.

पूजा झाली. काकांनी स्क्रीनवरचं विमान लोहगाव विमानतळाच्या दिशेने वळवलं. येरवड्याची घरं खालून सरकली, धावपट्टी दिसली. काही अडकलं नाही. चाकं टेकली.

"उतरलं का?" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"उतरलं," काका म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले. इतकी वर्षं कॉम्प्युटर जोडतेय, पण असं मी कधी जिंकले नव्हते.

तेव्हापासून थांबू का विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते. नवं मॉडेल दर वर्षी येतं. जुने होतो ते आपण.