नानांनी आज किशोरची घागर भरली

आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आपल्या खानदेशात घरोघरी गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात.

एरंडोलला आमच्या शेजारी नाना राहतात. त्यांचा किशोर वैमानिक होता, मिग-२१ कोसळलं त्यात गेला. नानांनी त्याची घागर कधीच भरली नाही. किशोरची आई रडायची, तरी म्हणायचे, "पहिले ते इमान बंद व्हऊ दे."

गेल्या वर्षी ते विमान निवृत्त झालं. टीव्हीवर सलामी बघून मीही टाळ्या वाजवल्या.

आज सकाळी नानांनी घागर भरली. म्हणाले, "आते कोना पोऱ्या त्याम्हा बसाव नही." आता कोणाचाच पोरगा त्या विमानात बसणार नाही, म्हणून.

पोराला पाणी द्यायला बाप इतकी वर्षं थांबला. ते विमान थांबवायला आपल्याला एवढी वर्षं का लागली, सांगेल का कोणी?