कोरड्या ओढ्यातली हाक

"आधी वर बघावं," असं म्हणत ताई रस्त्याच्या कडेला थांबायच्या. दादरला आमचं ऑफिस होतं. फुलबाजाराच्या बाजूने जाताना तुम्हीही त्यांना पाहिलं असेल: खांद्याला कापडी पिशवी, एक पाय फुटपाथवर, मान वळवलेली. गाड्यांकडे त्यांचं लक्षच नसायचं. रस्ता जिथून उताराला लागतो, त्या वरच्या टोकाकडे बघायच्या.

"बस यायचीय का, मावशी?" एक फुलवाला रोज विचारायचा.

"नाही रे. बस आली तर दिसते."

ताई इंजिनिअर, माझ्या वरिष्ठ. गावोगावच्या नाल्यांचे, गटारांचे आराखडे आम्ही करायचो. पावसाळ्यात परळला पाणी साचलं की ऑफिसात एकच पळापळ. ताई मात्र चपला पिशवीत टाकायच्या, सलवार वर खोचायच्या आणि छत्रीच्या टोकाने जमीन चाचपत, शेंगदाणे खात चिंचपोकळीच्या आपल्या चाळीपर्यंत चालत जायच्या.

"भीती नाही वाटत?" मी एकदा विचारलं.

"ह्याची कसली भीती? हे पाणी गरीब आहे गं. येतं, बसून राहतं."

त्यांना भीती होती कोरड्या जागेची. बालपण घाटावरच्या दुष्काळी भागात गेलेलं. गावच्या नदीत वर्षभर नुसती वाळू, पोरांचे खेळ तिथेच. एका दुपारी लख्ख ऊन असताना पाणी आलं. पाऊस लांब डोंगरात पडला होता, गावाला पत्ताच नव्हता. ताई काठावर होत्या, धाकटी बहीण वाळूत.

"मी हाक मारली," ताई चहा ढवळत म्हणाल्या. "तिला वाटलं, जेवायला बोलावतेय. म्हणाली, थांब, वाळूचं घर पुरं करते."

ती सापडली नाही. एवढं सांगून ताईंनी चहा संपवला आणि कामाला लागल्या.

काही वर्षांनी तशाच एका दुष्काळी गावाचं काम आलं. गावातला ओढा पाइपात घालायचा आणि वर रस्ता, दुकानं बांधायची. मे महिन्यात आम्ही दोघी जागा बघायला गेलो. ओढ्यात वाळू, चार बाभळी आणि आठवडी बाजाराच्या पत्र्याच्या शेड. त्या दिवशी बाजार नव्हता. तिथल्या नगरपालिकेचे साहेब आणि मी खाली वाळूत उभे होतो. ताई काठावरून उतरल्याच नाहीत.

"ह्यात पाणी कसलं, मॅडम?" साहेब खालूनच म्हणाले. "जन्मात दोनदा बघितलं असंल. मोठा पाइप कशाला?"

तेवढ्यात बाभळीवरची पाखरं गप्प झाली. त्या उन्हात वाळूवरून गार वारा आला, आणि त्याला ओल्या मातीचा वास होता. आभाळ निळंशार.

"ए, वर ये!" ताई ओरडल्या. "आहेस तशीच ये!"

मला वाटलं, मलाच. मी धावत वर चढले. साहेब कुरकुरत मागोमाग आले. पण ताई थांबल्या नाहीत. त्यांची नजर आम्हाला ओलांडून ओढ्याच्या मधोमध गेली होती. त्या वाकल्या होत्या, हात खाली लांबवलेला, लहान मुलाला वर ओढून घ्यायला धरतात तसा.

"ऐक ना गं! राहू दे ते घर!"

तिथे कुणी नव्हतं. मी नीट पाहिलं. नुसती वाळू.

मग एका शेडमधून डोळे चोळत एक माणूस बाहेर आला. कलिंगडं विकणारा, सावलीला झोपला होता. "कोण बोंबलतंय?" म्हणत, शिव्या देत तो काठ चढला.

तो वर पोचला आणि वळणावर फेसाची एक पट्टी दिसली. तिच्यात काटक्या आणि कुणाची तरी चप्पल. ती इतकी हळू येत होती की आम्ही बघत उभे राहिलो. तिच्या मागून पाणी आलं. शेड पत्त्यांसारख्या मिटल्या आणि गेल्या.

कलिंगडवाला ताईंच्या पाया पडला. "मी आत झोपलोय हे कसं दिसलं, माउली?"

ताईंचा हात तसाच पाण्याकडे लांबवलेला होता. शेवटी मीच तो धरून बाजूला घेतला. बर्फासारखा गार होता.

परतीच्या वाटेवर मीही तेच विचारलं.

"मला तो दिसलाच नव्हता," ताई म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

ओढा उघडाच राहिला. साहेबांनी पुन्हा पाइपाचं नाव काढलं नाही, दुकानंही काठापासून लांब बांधली.

निवृत्त झाल्यावर ताई चाळीतली खोली बंद करून आपल्या जुन्या गावी, नदीकाठी राहायला गेल्या. एकट्याच. महिन्याभरात कंटाळून परत येतील, अशी ऑफिसात आमची पैज लागली होती. पैज सगळेच हरलो.

त्या वारल्या, त्याच्या आदल्या आठवड्यात आमचं फोनवर बोलणं झालं. भर दुपार होती.

"एकटीला करमतं का, ताई?"

"न करमायला काय झालं?" आवाज खूप दिवसांनी मोकळा वाटला. मग फोन जरा लांब गेला असावा, कारण पुढचं बोलणं माझ्याशी नव्हतं.

"पाय धुऊन आत ये गं. आणि ती वाळू बाहेरच झटक."