केस पेपरवरची गृहिणी

भागुबाई गांगुर्डे यांनी उभ्या आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही. मिसरीसुद्धा नाही. याचा त्यांना अभिमान होता आणि छप्पन्नाव्या वर्षी त्याचीच त्यांना अडचण झाली. छातीत दुखतं, चार पायऱ्या चढलं की दम लागतो, म्हणून त्या ज्या ज्या डॉक्टरकडे गेल्या, त्या प्रत्येकाने तेच विचारलं. तंबाखू? मिसरी? चुलीचा धूर? भागुबाई तिन्हींना नाही म्हणाल्या की डॉक्टरचे प्रश्न संपायचे.

माझं नाशकातल्या अंबडला, चुंचाळ्याच्या रस्त्यावर झेरॉक्स काढायचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. भागुबाई आमच्या मागच्याच गल्लीत राहायच्या. त्यांचे सगळे कागद माझ्या हातून गेले, त्यामुळे ही गोष्ट मला माहीत आहे. आणि या गोष्टीत माझीही एक चूक आहे. ती पुढे येईलच.

त्या मूळच्या कळवणकडच्या. लग्न होऊन नाशकात आल्या तेव्हा इकडे कारखान्यांच्या शेडा धडाधड उभ्या राहत होत्या. नवरा केरूदादा पत्रे चढवायचा कारागीर. सिमेंटचा राखाडी पत्रा, नागमोडी. तो मापात कापायला केरूदादा विजेवरचं हातमशीन लावायचे. मशीन लागलं की पीठगिरणीत उडतं तसं पांढरं उडायचं. ते खाली बसलं की भागुबाई झाडू घेऊन पुढे व्हायच्या. कापायचं गड्याने, झाडायचं बाईने, अशी साइटवर वाटणीच होती. पदर नाकाला लावायचा आणि झाडायचं. भागुबाईंचं झाडणं असं की मुकादम पुंजाराम दुसऱ्या बायकांना त्यांचं उदाहरण द्यायचा. "बघा, भागुबाईनं झाडलं की कण ऱ्हात नाय."

कण कुठे जात होते हे कुणी विचारलं नाही. सव्वीस वर्षं त्यांनी अशा शेडा झाडल्या. संध्याकाळी घरी आल्यावर नवऱ्याचा शर्ट दाराबाहेर झटकायच्या, मगच धुवायच्या. घाण घरात नको. त्या पत्र्यात सिमेंटबरोबर ॲस्बेस्टॉस नावाचा धागा असतो हे दोघांना ठाऊक नव्हतं. त्यांना तो फक्त स्वस्त आणि टिकाऊ पत्रा म्हणून माहीत होता. एका दिवाळीला पुंजारामने उरलेले आठ पत्रे बक्षीस दिले, तेच त्यांच्या घरावर चढले. गल्लीत तेव्हा पक्कं छप्पर फक्त त्यांचं.

दुखणं सुरू झालं तेव्हा छातीत उजव्या बाजूला पाणी निघालं. छातीत पाणी म्हणजे टीबी, असं पहिल्या डॉक्टरने ठरवलं. सहा महिने गोळ्या. एकही चुकली नाही. शेजारणींनी त्यांचा चहाचा कप वेगळा ठेवला, तोही त्यांनी मुकाट्याने स्वीकारला. गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाल्याबद्दल दवाखान्यातल्या सिस्टरने कौतुक केलं. पंधरा दिवसांनी पाणी पुन्हा भरलं.

मग मुलगी मनीषा त्यांना मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली आणि तिथून चिठ्ठी मिळाली कॅन्सरच्या दवाखान्याची. चिठ्ठीबरोबर ऑनलाइन नोंदणी करायची होती. ती मी केली. नाव, वय, पत्ता, आधार. 'व्यवसाय' या रकान्यात मी न विचारता 'गृहिणी' दाबलं. दुकानात चार गिऱ्हाइकं खोळंबली होती, आणि बाईमाणूस म्हटलं की माझं बोट आपोआप तिथेच जातं. भागुबाई समोर बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

तपासण्या झाल्या. सुईने तुकडा काढला. दोन आठवड्यांनी तिथल्या तरुण डॉक्टर वेदिका मॅडमनी दोघा नवरा-बायकोला आणि मनीषाला समोर बसवलं. हे मला मनीषाने सांगितलं आणि नंतर भागुबाईंनी स्वतः, हावभावासकट.

मॅडम म्हणाल्या, "फुफ्फुसाच्या बाहेर जे पातळ आवरण असतं, त्याचा कॅन्सर आहे. हा फार थोड्यांना होतो आणि बहुतेक वेळा एकाच गोष्टीने होतो, ॲस्बेस्टॉसच्या धुळीने. पण तुम्ही तर गृहिणी." त्यांनी केस पेपर पुन्हा बघितला. "घरात कुणी सिमेंटच्या पत्र्याचं काम करतं का?"

"मी करतो," केरूदादा म्हणाले.

"त्यांचे कपडे कोण धुतं?"

"मीच," भागुबाई म्हणाल्या.

मॅडमच्या चेहऱ्यावर गणित सुटल्यासारखं समाधान दिसलं. त्या लिहू लागल्या. नवऱ्याच्या कपड्यांवरची धूळ. भागुबाईंनी थोडा वेळ ते लिहिणं बघितलं आणि मग टेबलावर हात ठेवला.

"मॅडम, कपडे तर मी धुतेच. पण तो पत्रा झाडला कोनी सव्वीस वर्सं?"

मॅडमचं पेन थांबलं. "तुम्ही साइटवर जायचात?"

"तर काय! ह्यांच्या आधी जायचे आन् ह्यांच्या मागून यायचे."

मॅडमनी 'गृहिणी'वर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'बांधकाम कामगार, २६ वर्षे.' म्हणाल्या, "असं लिहिलेलंच नसतं, म्हणून आपल्याकडे हा आजार कुणाला होतच नाही असं सगळ्यांना वाटतं."

मग उपचारांचं बोलणं झालं. मॅडमनी काही लपवलं नाही. आजार पूर्ण जाणार नव्हता. ऑपरेशन त्यांच्या बाबतीत होण्यासारखं नव्हतं. तीन आठवड्यांनी एकदा सलाईनमधून केमो घेता आली असती, त्याने गाठी दबतात, आयुष्य काही महिन्यांनी वाढतं, काहींचं जास्त. एक नवं औषधही होतं, शरीराची स्वतःची ताकद जागवणारं, पण ते महाग आणि कुठल्या योजनेत बसेल याची खात्री नाही. पाणी सारखं भरू नये म्हणून एक उपाय होता. दुखण्यावर वेगळं औषध आणि घरी येऊन बघणारी माणसं होती. आणि काहीच न करणं, हेही एक होतं.

"पाणी कसं थांबवनार?" भागुबाईंनी विचारलं.

"पाणी काढून टाकायचं आणि त्या पोकळीत एक औषधी पावडर सोडायची. मग आवरणाचे दोन पडदे चिकटतात. पाण्याला जागाच राहत नाही."

भागुबाई मनीषाकडे बघून म्हणाल्या, "धूळ आत गेली म्हनून एवढं झालं. आता औषध काय, तर आनखी पावडर आत सोडायची."

मॅडम हसल्या. मनीषा सांगते, त्या दिवशी तेवढंच हसणं झालं.

केरूदादांचीही छाती तपासली. जुन्या धुळीचे दोन डाग, बाकी ठणठणीत. दर वर्षी तपासत राहा, एवढंच सांगितलं. ही बातमी त्यांना अपमानासारखी लागली. माझ्या दुकानात येऊन ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मशीन मी चालवायचो रे. तोंड माझं होतं पत्र्यावर. मला काय नाय आन् ती... पुन्यांदा काढायला सांग फोटो. यंतर बिघडलं आसंल." मी सांगितलं, यंत्र बरोबर आहे. ते निरोगीपणाचा दाखला खिशात कोंबून निघून गेले.

आता कागद. बांधकाम कामगारांसाठी मंडळ आहे, तिथे नोंद असली तर गंभीर आजाराला मदत मिळते. केरूदादांची नोंद होती. त्यांना मंडळाने एक पेटीही दिली होती, हेल्मेट, मास्क, बूट असलेली. पेटीत भागुबाई कुरडया ठेवायच्या. मास्क कोरा होता. पण भागुबाईंची नोंद नव्हती, आणि त्यांचा हट्ट की आता करायचीच. मी चौकशी केली. नोंद करायची तर गेल्या वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला हवा. म्हणजे, आजारामुळे काम होत नाही म्हणून मदत मागायला जायचं आणि आधी काम केल्याचा पुरावा द्यायचा. मागच्या वर्षी त्या खाटेवर होत्या.

तरी जुन्या कामाचा काही कागद मिळेल म्हणून आम्ही पुंजारामकडे गेलो. तो आता स्वतःच ठेकेदार झाला होता. त्याने भागुबाईंना खुर्ची दिली, चहा मागवला, तब्येतीची विचारपूस केली. मग म्हणाला, "भागुबाई, तुमची हजेरी कुठंय? जोडीची हजेरी केरूच्याच नावावर लागायची ना." ते खरं होतं. कागदावर सव्वीस वर्षं केरूदादा एकटेच दोन माणसांचं काम करत होते. कायद्यात या आजाराचं नाव आहे, भरपाई मागता येते, असं दवाखान्यातल्या समाजसेविकेने सांगितलं होतं. पण त्यालाही मालकाचं नाव आणि कामाचा पुरावा लागतो. पुंजारामसमोर तो विषय निघाला, तसा चहा गार व्हायच्या आत तो कुठल्याशा साइटवर निघून गेला.

मंडळाच्या कचेरीतल्या कारकुनाला मात्र खरोखर दया आली. त्याने कागद उलटेपालटे केले आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मावशी, कामगार व्हायच्या नादी लागू नका. केरू गांगुर्डेंची पत्नी म्हणून अर्ज करा. गृहिणी राहा. त्यात मंजूर होतंय."

भागुबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"भर बाबा," त्या म्हणाल्या. "सरकारच्या घरी गृहिनी, दवाखान्यात कामगार. दोन्हीकडं झाडायलाच होते."

मदत मंजूर झाली. पावडर सोडली, पाणी थांबलं. सहा केमो झाल्या. उलट्या व्हायच्या, तोंडाची चव गेली, वेणी बोटाएवढी राहिली. पण श्वास मोकळा झाला आणि पुढचे आठ-नऊ महिने त्या गल्लीत हिंडल्या, भाजी आणायला गेल्या, भावाच्या नातीच्या बारशाला कळवणला जाऊन आल्या. घरावरच्या पत्र्यांचं काय, असं त्यांनी मॅडमना विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, अखंड असतील तर रंग मारा आणि तसेच राहू द्या. भोक पाडू नका, घासू नका, फोडू नका. केरूदादांनी दोन हात रंग दिला. बाहेरून आतून, हिरवा.

त्या काळात भागुबाईंनी एक उद्योग सुरू केला. पाथर्डी फाट्याकडे एक गोडाऊन बांधलं जात होतं. मला गाडीवर न्यायला लावलं. वर मशीन घरघरत होतं आणि खाली छाया नावाची एक तरुण बाई ते पांढरं झाडत होती. पदर नाकाला.

"पोरी, आधी पानी मार. मग झाड," भागुबाई म्हणाल्या. "आन् त्याला सांग, मशीन नको, वला करून हातकरवतीनं काप."

"पाणी मारलं तर चिखल होतो मावशी. दुप्पट काम."

"कॅन्सर होतो त्यानं. मला झालाय."

छायाने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. चालत आलेली, बोलणारी बाई. तिला पटलं नाही. "आमाला काय होत नाय मावशी. रोजचंच हाय," म्हणत ती झाडू लागली.

भागुबाईंनी डोक्यावरचा पदर मागे घेतला. "बरं, ऱ्हाऊ दे. पन ही धूळ केसात बसली ना, का मग आसे होत्यात केस. माजी येनी ढोपरापोतर होती."

छायाने त्या टाळूकडे बघितलं, स्वतःच्या जाड वेणीला हात लावला, झाडू टाकला आणि बादली आणायला गेली. वर मशीनवाल्यालाही ओरडून सांगितलं, थांब म्हणून.

परत येताना मी म्हटलं, "मावशी, केस तर औषधाने गेले."

"ठावकी हाय," त्या म्हणाल्या. "मराया कुनी भेत नाय रे. केसाला भेत्यात."

त्यानंतर आम्ही अशा सहा-सात साइटवर गेलो. दोन ठिकाणी मुकादमाने हाकललं. एका ठिकाणी पाण्याच्या टँकरचा खर्च कोण देणार, असं विचारलं. तिथल्या इमारतीला पोहण्याचा तलाव होणार होता, तसा मोठा फलक बाहेर लावलेला होता.

पुढच्या श्रावणात दुखणं परतलं. मॅडम म्हणाल्या, दुसरी केमो देता येईल, पण फायदा थोडा आणि त्रास बराच. भागुबाईंनी नको म्हटलं. मग दवाखान्याची एक नर्स आठवड्याला घरी येऊ लागली. तिने मनीषाला दुखण्याचं औषध किती आणि केव्हा द्यायचं ते शिकवलं, उशी कशी लावली की श्वास सुटतो ते दाखवलं. त्या औषधाने भागुबाईंना झोप लागायची. सव्वीस वर्षांत एवढी झोपले नव्हते, असं एकदा म्हणाल्या. आजाराचं नाव कळल्यापासून एकोणीस महिन्यांनी, एका दुपारी, मनीषा त्यांना पेज भरवत असताना त्या गेल्या. डॉक्टरांनी वर्षाचा अंदाज दिला होता.

केरूदादा अजून काम करतात, पण त्यांना पहिल्यासारखं कुणी बोलावत नाही. पाणी मागतात, मास्क मागतात, मशीन लावू देत नाहीत, झाडायला कुणाला उभं राहू देत नाहीत. गेल्या महिन्यात सिडकोतल्या एका सोसायटीने पार्किंगवरचे जुने सिमेंटचे पत्रे काढायला बोलावलं. फोडून खाली टाकायचे तर एका दिवसाचं काम. केरूदादा पेटीतला मास्क लावून एकेक पत्रा ओला करत, एकेक बोल्ट सोडवत, अख्खा पत्रा दोरीने खाली उतरवत होते आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळत होते. चौथ्या दिवशी सेक्रेटरी वैतागून खाली आले.

"अहो, किती हळू! माणसं गाड्या कुठे लावणार? एवढं काय जपायचं जुन्या पत्र्याला?"

केरूदादांनी मास्क न काढताच उत्तर दिलं, त्यामुळे सेक्रेटरींना ते दोनदा विचारावं लागलं.

"म्हटलं, उद्याचा दीसबी लागंल. गटारीकडचे दोन तडकलेले हायेत, त्यांला आजून येळ जाईल."